जळकं ऑइल, घमेलं आणि आमची सामाईक विहीर



काल ट्रॅक्टरचं ऑइल बदललं. सकाळी साडेसातला बसलो, नऊला हात धुऊन चहा प्यायलो. शेडमध्ये जमिनीवर एक थेंब नाही. फोटो टाकावा म्हटलं, पण फोटोत काय दिसणार, कोरडी फरशी. म्हणून लिहितोय. ऑइल बदलायचं काम गावात सगळ्यांनाच येतं, त्यात मी काय नवीन सांगणार असं वाटेल. पण जुनं ऑइल काढून झाल्यावर ते जातं कुठं, हे आम्ही घरात फार महाग पडून शिकलो. ते आधी सांगतो, मग कृती.

आमची विहीर सामाईक आहे. निम्मी माझी, निम्मी थोरल्या चुलतभावाची, म्हणजे दादाची. वस्तीवरची दोन्ही घरं २०२० पर्यंत तिचंच पाणी प्यायची. विहिरीच्या वरच्या अंगाला, पन्नासेक पावलांवर, माझं ट्रॅक्टरचं शेड. शेडच्या मागं बाभळीच्या बुडाला एक खड्डा होता. तो माझ्या वडिलांनी, आण्णांनी केलेला. पहिला जुना ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून चेंबरमधनं निघालेलं काळं ऑइल त्या खड्ड्यात. वरनं दोन पाट्या माती ओढायची, झालं काम. आण्णा म्हणायचे, "काळी आई सगळं पोटात घेती." २०११ ला मी नवा ट्रॅक्टर घेतला, तरी खड्डा तोच. वर्षाला वीसेक लिटर. दहा वर्षांचा हिशोब केला तर दोनशे लिटर, म्हणजे एक अख्खं बॅरल. आण्णांच्या वेळचं धरलेलं नाही. हा हिशोब मी तेव्हा कधी केलाच नव्हता.

२०२० च्या ऑक्टोबरातला परतीचा पाऊस आपल्या भागातल्या कुणाला सांगायला नको. हळदीत गुडघाभर पाणी, ऊस आडवा. त्या पावसात शेडमागनं ओघळ फुटला. खड्ड्याच्या तोंडावरची माती वाहून गेली, आणि पाणी खड्ड्यातनं वाट काढत उताराला विहिरीच्या दिशेनं गेलं. मी ते पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी बघितलं. बघितलं आणि फावड्यानं ओघळ बुजवला. मनात म्हटलं, किती जातंय तेवढ्यातनं.

दोन दिवसांनी वहिनींनी हाक मारली. "भावजी, पाण्याला रॉकेलसारखा वास येतोय. बघा तरी." विहिरीत डोकावलो. पाणी चांगलं वर आलेलं, आणि त्यावर निळा-जांभळा तवंग. ऊन पडलं की मोरपिसासारखा रंग बदलायचा. माझ्या पोटात गोळा आला.

दादा म्हणाला, "मोटरचं ऑइल गळतंय." मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी चेन-पुली लावून मोटर वर काढली. चार माणसं, मिस्त्री, त्यांचं चहा-जेवण, सगळं मिळून ३२०० रुपये दादानं दिले. मिस्त्रीनं मोटर उघडली आणि म्हणाला, "दादा, ह्या मोटरीत ऑइल नसतंच. हिच्यात पाणी भरलेलं असतं. तेल बाहेरनं आलंय." मी तिथंच उभा होतो. तरी गप्प.

आता दादाचं डोकं दुसरीकडं चाललं. खालच्या बांधाच्या शेजाऱ्याबरोबर आमची रस्त्यावरनं कटकट चालू होती. दादा म्हणाला, "हे त्याचंच काम. रात्रीत डबा ओतलाय. उद्या पोलीस पाटलाला घेऊन जातो आणि चौकीला अर्ज देतो." त्या रात्री मला झोप लागली नाही. शेजारी कसाही असला तरी ह्या बाबतीत त्याचा काही संबंध नव्हता. कारभारणीला सगळं माहीत होतं, तिनं ओघळ बघितला होता. ती अंधारातच म्हणाली, "विहीर बोलत नाही म्हणून तुम्ही पण बोलणार नाही का?"

पहाटे पाचला दादाच्या दारात गेलो. तो गोठ्यात धारा काढत होता. मी म्हटलं, "दादा, अर्ज देऊ नको. ते माझ्या खड्ड्यातलं ऑइल आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." त्यानं धार थांबवली नाही. चरवी भरली, उठला, आणि एवढंच म्हणाला, "चार दिवस पोरांनी ते पाणी प्यायलंय."

मी ३२०० रुपये नेले होते, ते पुढं केले. म्हणाला, "पैसे राहू देत. आधी तो खड्डा उकर."

त्यानंतर दिवाळीच्या पाडव्यापर्यंत दादा माझ्याशी बोलला नाही. वहिनी बोलायच्या, पोरं बोलायची, दादा नाही. चूक ऑइलची होती तशी गप्प बसण्याचीही होती, आणि दुसरी चूक जास्त लागली असं मला वाटतं.

विहिरीवरचा तवंग आम्ही कसा काढला

विहिरीवर तवंग दिसला की आधी तो तेलाचा आहे का हे बघा. साचलेल्या पाण्यावर, विशेषतः लोह असलेल्या पाण्यावर, जिवाणूंचीही तशीच चकाकी येते. काठीनं तवंग फोडायचा. जिवाणूंचा असला तर काचेसारखे तुकडे होतात आणि ते तुकडे तसेच राहतात. तेलाचा असला तर काठी काढली की परत एक होतो. आमचा परत एक झाला.

पहिलं डोक्यात येतं ते म्हणजे मोटर लावून विहीर उपसायची. ते करू नका. मोटर पाणी खालनं ओढते, तेल वर तरंगतं. पाणी उतरेल तसं तेल विहिरीच्या कडांना, कपारींना चिकटत खाली जाईल. आधी वरचं तेल उचलायचं.

आम्ही कापूस वापरला. जुन्या दोन गाद्या उसवल्या. गादीतला कच्चा कापूस पाण्यावर तरंगतो आणि तेल पितो, कारण त्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं. मेडिकलमधला पांढरा कापूस धुऊन मेण काढलेला असतो, तो पाणी पितो आणि बुडतो. ही गोष्ट मला गादीवाल्यानं सांगितली, मी बादलीत करून बघितली, खरी निघाली. कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत कापूस भरला, दोरी बांधली, तवंगावरनं फिरवला. दोन दिवसांत सात-आठ पिशव्या काळ्या झाल्या. वरचा तवंग गेला, मग उपसा केला.

दिसायला विहीर स्वच्छ झाली. पण वास पुढं कितीतरी दिवस यायचा, कारण जमिनीत मुरलेलं पाझरत राहतं. प्यायला आम्ही तिचं पाणी पुन्हा घेतलं नाही. महिनाभर जार आणले, नंतर नळाचं कनेक्शन घेतलं. आई ऐंशीच्या घरात आहे, लग्न होऊन आली तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी प्यायलेली. तिला नळाचं पाणी अजून रुचत नाही. ती कधीकधी म्हणते, "विहिरीचं आण की एक तांब्या." मी काहीतरी कारण सांगतो.

खड्ड्याचं काय केलं

खड्डा उकरला तर तीन फुटांवरही माती काळीकुट्ट, हाताला चिकटणारी, आणि वास अगदी ताजा. आण्णांच्या वेळचं ऑइलही तसंच होतं. काळी आई पोटात घेते म्हणायचो, पण तिनं पचवलेलं काहीच नव्हतं.

ह्याचं कारण नंतर एका कृषी सहायकांनी समजावलं, आणि शेतकऱ्याला ते लगेच पटण्यासारखं आहे. ऑइल खाणारे जिवाणू मातीत असतात, पण त्यांना हवा लागते आणि नत्र लागतं. खोल खड्ड्यात हवा नाही. आणि ऑइल म्हणजे जवळपास सगळा कर्बच. आपण उसाचं पाचट कुजवताना युरिया का टाकतो? पाचटात कर्ब जास्त, नत्र कमी, म्हणून. इथंही तेच गणित.

मग वरच्या अंगाला, विहिरीपासून लांब, पाणी न येणाऱ्या जागी जुना जाड ताडपत्रीचा कागद अंथरला, कडेनं वरंबा केला, आणि ती सगळी माती त्यावर फूटभर जाडीनं पसरली. त्यात शेणखत, बारीक केलेलं पाचट आणि थोडा युरिया मिसळला. महिन्यातनं एकदा खोऱ्यानं वरखाली करायची, वाफसा राहील एवढंच पाणी मारायचं, पावसाळ्यात वरनं कागद झाकायचा. पहिलं वर्ष काही फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी वास कमी झाला. आता तिथं हरळी आणि थोडं गाजरगवत उगवतं, तेही ठिगळा-ठिगळानं. त्या जागी मी खायचं काही लावत नाही आणि जनावरं चारत नाही, कारण तेल जिवाणू खातात, पण ऑइलमध्ये इंजिनाच्या झिजेचे जे धातू उतरलेले असतात ते कुठं जात नाहीत.

ओतायला एक मिनिट लागतं, आणि काढायला चार वर्षं झाली तरी संपलेलं नाही. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढची कृती वाचायचा कंटाळा येणार नाही.

आता कृती

माझा ट्रॅक्टर ४५ एचपीचा, तीन सिलिंडरचा. चेंबरमध्ये सात लिटरच्या आसपास ऑइल बसतं. तुमच्या गाडीचं माप आणि ऑइलचा ग्रेड पुस्तकात बघा, शेजाऱ्याला विचारून टाकू नका. मी २५० तासांना बदलतो. गाडी नवी असेल तर पहिलं ऑइल ५० तासांच्या सुमारास बदलायला सांगतात. तास डायरीत लिहा, "मागच्या हंगामात बदललं होतं" असा हिशोब नको.

एक. गाडी सपाट जागेवर घ्या. पाच-दहा मिनिटं चालवून इंजिन कोमट करा. गार ऑइल घट्ट असतं, गाळ चेंबरच्या तळाला बसून राहतो. पण नांगरट करून आल्या आल्या नट खोलू नका, हात भाजेल. ऑइल कोमट हवं, कढत नको. इंजिन बंद, चावी खिशात, हँडब्रेक ओढलेला, औत खाली टेकवलेलं, चाकाला दोन्हीकडनं दगड. खाली झोपून काम करायचंय, हे विसरू नका.

दोन. खाली आधी प्लॅस्टिकचा कागद किंवा जुना फ्लेक्स अंथरा. त्यावर गोणपाट. लग्नाचे, वाढदिवसाचे फ्लेक्स गावात पाहिजे तेवढे मिळतात, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ द्या. फ्लेक्सच्या कडेखाली चारी बाजूंनी काठ्या किंवा विटा सरकवल्या की परात तयार होते. सांडलं तरी बाहेर जात नाही.

तीन. भांडं चेंबरच्या मापापेक्षा मोठं घ्या. सात लिटर ऑइलला दहा-बारा लिटरचं. पूर्वी मी पाच लिटरचा डबा लावायचो आणि भरत आला की नट परत लावायला धडपडायचो. निम्मं ऑइल हातावर, निम्मं जमिनीवर. आता मोठं लोखंडी घमेलं वापरतो. ते फक्त ह्याच कामाला ठेवलंय, बाहेरनं लाल रंग मारलाय, म्हणजे कुणी त्यात सरकी-पेंड भिजवणार नाही. काठ चेपलेला नसावा, आणि उचलताना दोन्ही हातांनी.

चार. नटाभोवतीची माती आधी फडक्यानं पुसा, नाहीतर ती ऑइलमध्ये पडते आणि गाळताना त्रास होतो. नट सैल करायला रिंग पाना घ्या. फिक्स पाना निसटतो, नटाचे कोपरे मारतो, मग पुढच्या वेळी छिन्नी-हातोडा.

पाच. पाना फक्त सैल करायपुरता. शेवटचे आटे हातानं. हातमोजा घाला. फिरवताना नट वर चेंबरकडं दाबून धरायचा, म्हणजे आटे संपले तरी ऑइल निघत नाही. सगळे आटे सुटल्याचं कळलं की एका झटक्यात हात बाजूला. नट घमेल्यात पडणार नाही आणि मनगटावरनं कोपरापर्यंत ऑइल येणार नाही. हे एकदा नट गार असताना, ऑइल नसताना करून बघा, हाताला सवय होते.

सहा. पहिली धार सरळ खाली पडत नाही, जोर असतो म्हणून तिरकी लांब पडते. धार कमी झाली की ती मागं येत येत सरळ नटाखाली पडते. घमेलं आधी धारेच्या बाजूला सरकवून ठेवा आणि नंतर मागं ओढा. सांडासांड होते ती बहुतेक ह्याच दोन मिनिटांत. वारा असेल तर घमेल्याखाली विटा लावून ते वर घ्या, धार जितकी आखूड तितकं बरं. वरचं ऑइल टाकायचं बूच सैल केलं की हवा जाते आणि धार एकसारखी पडते.

सात. अर्धा तास सोडा. तोवर निघालेल्या ऑइलकडं बघा. काळं असणारच, डिझेल इंजिनात काजळी उतरते. पण चहाच्या दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय. पातळ आणि डिझेलचा वास आला तर डिझेल उतरतंय. नटाला किंवा बोटाला चकाकणारा कीस लागला तर बेअरिंगकडं बघायची वेळ आली. ऑइल म्हणजे इंजिनाचा रक्ततपासणीचा रिपोर्ट आहे, न बघता ओतून देऊ नका.

आठ. फिल्टर. हा सगळ्यात जास्त घाण करतो. फिरवून काढायचा फिल्टर असेल तर आधी जाड प्लॅस्टिकची पिशवी खालनं त्याच्यावर चढवा आणि पिशवीसकट फिरवा. पडेल ते पिशवीत. नंतर फिल्टरच्या डोक्याला खिळ्यानं भोक पाडून घमेल्यावर रात्रभर उलटा ठेवा. आत बरंच ऑइल अडकलेलं असतं. नव्या फिल्टरच्या रबराला बोटानं नवं ऑइल लावा, हातानं बसवा, रबर टेकल्यावर फिल्टरवर लिहिलंय तेवढंच पुढं फिरवा. पान्यानं आवळू नका.

नऊ. नटाचा वायसर बदला. वायसर काही रुपयांचा असतो, पण जुनाच लावला की थेंब-थेंब गळती लागते. नवं ऑइल नरसाळ्यानं भरा, दोन मिनिटं गाडी रेस न करता चालू ठेवा, बंद करा, थोडं थांबून पट्टी बघा, आणि खाली वाकून नट आणि फिल्टर दोन्ही बघा.

दहा. घमेल्यातलं ऑइल जाळीच्या नरसाळ्यानं नव्या ऑइलच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरा. नवं जितकं आलं तितकंच जुनं त्यात मावतं. बूच घट्ट, बाहेर मार्करनं मोठ्या अक्षरात "जळकं ऑइल". गोड्या तेलाच्या डब्यात कधीच भरू नका, घरात लहान पोरं आणि नजर कमी झालेली म्हातारी माणसं असतात. औषधाच्या डब्यातही नको. आणि ह्या ऑइलमध्ये पाणी, डिझेल, पेट्रोल, रेडिएटरचं पाणी काही मिसळू नका. मिसळलं की पुढं त्याचं शुद्धीकरण होत नाही, कुणी घेतही नाही.

एवढं करूनही सांडलंच तर पाणी मारू नका. पाणी मारलं की ते पसरतं. लाकडाचा भुस्सा, राख किंवा कोरडी बारीक माती टाका, पायानं चोळा, गोळा करा, परत टाका. मग साबणाचं पाणी आणि खराटा. तो भुस्सा, चिंध्या, फिल्टर एका पोत्यात भरून ठेवा. चुलीत घालू नका, ते धूर घरच्या बाईच्याच नाकातोंडात जातो. हात डिझेलनं धुऊ नका. थोडं गोडं तेल चोळा, मग साबण. आणि ऑइलचं फडकं खिशात ठेवायची सवय सोडा. वापरलेलं ऑइल वर्षानुवर्षं कातडीला लागत राहिलं तर कॅन्सरचा धोका असतो.

जुने उपयोग, जे मी बंद केले

वापरलेलं ऑइल फुकट जात नाही, त्याचे शंभर उपयोग आहेत, असं आपल्याकडं म्हणतात. मीही सगळे केलेत.

गोचीड झाले की जनावराला जळकं ऑइल चोळायचं. आण्णा चोळायचे. जनावर अंग चाटतं, ते पोटात जातं. आमच्या एका कालवडीची मानेची कातडी भेगाळून सोलली होती, तेव्हाही आम्ही म्हटलं गोचिडानंच झालं. आता डॉक्टरांचं औषध लावतो, आणि गोठ्याच्या भेगा बुजवतो, कारण गोचीड अंडी तिथंच घालतो.

वाळवीसाठी झाडाच्या बुंध्याला लावायचं. माझी आंब्याची दोन कलमं त्यातच गेली. कोवळी साल जळते.

डासांसाठी गटारात ओतायचं. हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण ते गटार पुढं ओढ्याला जातं आणि ओढा नदीला. साचलेलं पाणी वाहतं करा, हौदात गप्पी मासे सोडा.

सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला गवंडी मागतो. वीटभट्टीवाला जाळायला मागतो. जाळलं की त्यातले धातू धुरातनं शेजारच्याच रानावर पडतात. मी आता कुणालाच देत नाही. त्यासाठी दोन माणसं नाराज आहेत.

मग द्यायचं कुठं?

खरी अडचण इथं आहे. सात लिटरच्या एका कॅनसाठी कुणी गाडी घेऊन येत नाही.

वापरलेलं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात धरलंय, २०१६ च्या नियमांत ते आहे. ते नोंदणी असलेल्या शुद्धीकरण कारखान्याकडंच जायला पाहिजे. तिथं त्यातलं पाणी, गाळ, काजळी काढून परत बेस ऑइल करतात, आणि त्यापासून पुन्हा नवं ऑइल. म्हणजे ते संपत नाही, मळतं फक्त. १ एप्रिल २०२४ पासून ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकलेली आहे. कागदावर आलंय, वस्तीवर यायला वेळ लागेल. तोवर आपणच काहीतरी करायला पाहिजे.

आम्ही असं केलं. आमच्या गावात मी मोजले तर ३८ ट्रॅक्टर आहेत. एकाचं वर्षाला वीस लिटर धरलं तरी ७६० लिटर होतं. पहिल्यांदा आम्ही सहाजण एकत्र आलो. तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरला जाऊन विचारलं की तुमचं जुनं ऑइल कोण नेतं. त्यांच्याकडं गाडी येते. त्या नेणाऱ्याकडं प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आहे का तेही विचारलं, कागद बघितला. मग ठरलं, प्रत्येकानं बूच लावलेला, नाव लिहिलेला कॅन घरी सावलीत ठेवायचा, आणि वर्षातनं दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, एकाच ट्रॉलीतनं सगळे कॅन आणि फिल्टर तिथं नेऊन द्यायचे. डिझेलचा खर्च सहाजणांत. पैसे मिळाले तर मिळाले, नाही तर नाही. आता आम्ही अकराजण झालोय.

गावात कुणी हसत नाही असं नाही. "ऑइल पोचवायला ट्रॉली?" म्हणतात. मी वाद घालत नाही. विचारणाऱ्याला विहिरीवर नेतो आणि पाणी दाखवतो. दिसायला काचेसारखं आहे. मग म्हणतो, हे मी पीत नाही.

गेल्या फेरीला ट्रॉली दादाच्या दारातनं गेली. तो आमच्या सहाजणांत पहिल्यापासून आहे, पण कॅन नेहमी पोराच्या हाती पाठवायचा. ह्या वेळी स्वतः घेऊन आला, ट्रॉलीत ठेवला, आणि पुढं येऊन मडगार्डवर बसला. तालुक्यापर्यंत आम्ही उसाच्या लागणीबद्दल बोललो. विहिरीचा विषय निघाला नाही.

तुमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला असा एखादा खड्डा असेल तर पावसाळ्याच्या आत उकरून घ्या. आणि चूक झालीच असेल तर चार दिवस थांबू नका, पहिल्याच दिवशी सांगा.

राम राम.